मुलं झाल्यावर खालच्या पदासाठी अर्ज करताना: क्रम, कागद आणि नेहमीच्या चुका

भरतीच्या कामात काही अर्ज उघडल्या उघडल्या लक्षात येतात. पद ‘सीनियर अकाउंटंट’चं, रेझ्युमे ‘अकाउंट्स मॅनेजर’चा, मध्ये चार वर्षं कोरी, आणि मेलमध्ये एकच ओळ: “कुठलंही काम चालेल, पगाराचं बघून घेऊ.” बाई कामाला पक्की असते, पण तिला फोन जात नाही. निवडणाऱ्याला दोन शंका असतात. ही टिकेल का? आणि मोठं पद सोडून खाली का येतेय, तिकडे काही बिनसलं होतं का? अर्जात दोन्हींचं उत्तर नसतं.

ज्यांना नोकरी मिळते, त्यांचं दुखणं वेगळं. सहा महिन्यांत त्या जुनंच काम करत असतात, फक्त पगार निम्मा झालेला असतो. ही दोन्ही संकटं टाळायची तर क्रम पाळावा लागतो. बहुतेकजणी रेझ्युमेपासून सुरुवात करतात. तो इथे सहाव्या टप्प्यावर आहे, आणि ते मुद्दाम आहे.

उदाहरण सगळीकडे एकच घेते: पुण्यातली, कोथरूडला राहणारी, भोसरीच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत अकाउंट्स मॅनेजर असलेली बाई. एकूण अनुभव अकरा वर्षं, खंड चार वर्षं, मुलगा पाच वर्षांचा. तुमचं क्षेत्र वेगळं असेल तर कामाची नावं बदला, क्रम तोच ठेवा. घरी थांबलेल्या बाबांनाही हे जसंच्या तसं लागू आहे. त्यांना तर खंडाबद्दल जास्तच प्रश्न विचारले जातात.

टप्पा १: काय सोडणार ते आधी लिहून काढा

‘खालचं पद’ म्हणताना आपण चार वेगळ्या गोष्टी एकत्र बोलत असतो: माणसं सांभाळणं, निर्णयाची जबाबदारी, कामाचे तास आणि पगार. या चारही एकदम सोडायची गरज नसते. पण काय सोडतोय हे ठरवलेलं नसलं की समोरचा ठरवतो, आणि तो पहिला हात पगाराला घालतो.

वहीत चार ओळी लिहा. आपल्या उदाहरणात त्या अशा होतील:

माणसं: सोडणार. सहा जणांच्या रजा, भांडणं, अप्रेझल आता नको.
जबाबदारी: बँकेच्या सह्या आणि ऑडिटरसमोर शेवटचं उत्तर देणं सोडणार. माझ्या खात्याचं काम मात्र पूर्ण माझं.
तास: संध्याकाळी सहाला बाहेर. महिनाअखेर आणि रिटर्नचे मिळून सहा दिवस आठपर्यंत चालेल.
पगार: पूर्वीच्या दोन-तृतीयांशाच्या खाली नाही.

पुढे मुलाखतीत, पगाराच्या बोलण्यात, ऑफर लेटर वाचताना याच चार ओळींकडे परत यायचं आहे.

आता पदाच्या नावाबद्दल. नावावर अजिबात जाऊ नका. तीस माणसांच्या कंपनीत एकटीच अकाउंटंट असली, तर बँक, पगार, जीएसटी, व्हेंडरचे फोन आणि मालकांच्या घरचं लाइट बिल, सगळं तिच्याच टेबलावर येतं. ते पद कागदावर खालचं आणि दिवसभरात सर्वात वरचं असतं. उलट मोठ्या कंपनीत ‘असिस्टंट मॅनेजर’ हे भारदस्त नाव लावणारी व्यक्ती फक्त व्हेंडर पेमेंट बघत असते आणि सहाला निघू शकते. जाहिरातीतलं कामाचं वर्णन वाचा आणि तीन गोष्टी शोधा: कुणाला रिपोर्ट करायचं, हाताखाली कोणी आहे का, आणि खात्यात एकूण माणसं किती. तिसरी गोष्ट जाहिरातीत नसते, ती फोनवर विचारायची.

सावधान: एक किंवा दोन पायऱ्या खाली उतरलेला अर्ज समजण्यासारखा असतो. मॅनेजर होऊन ‘डेटा एंट्री’ला अर्ज केलात तर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि नोकरी मिळालीच तर दोन महिन्यांत जीव रमत नाही.

टप्पा २: घरचा दिवस घड्याळावर मांडा

“सासूबाई आहेत, होईल काहीतरी” ही सोय नव्हे. कागदावर एक साधा मंगळवार मांडा. शाळेची व्हॅन किती वाजता येते, शाळा किती वाजता सुटते, पाळणाघर किती वाजता बंद होतं, तिथून ऑफिस किती लांब. कोथरूड ते भोसरी आणि कोथरूड ते बाणेर यांत संध्याकाळी किती फरक पडतो, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. मुंबईत असाल तर कोणती लोकल चुकली की पाळणाघराची वेळ चुकते, ती लोकल लिहून ठेवा.

मग तीन अडचणीचे दिवस घ्या: मूल तापलंय, पाळणाघरवाल्या ताई गावी गेल्यात, आणि ऑफिसमध्ये महिनाअखेर आहे. प्रत्येक दिवसासमोर एका माणसाचं नाव पाहिजे, आणि त्या माणसाला तुम्ही प्रत्यक्ष विचारलेलं पाहिजे. नवऱ्याचं नाव एकाही ओळीत नसेल तर नोकरी शोधण्याआधी घरात बसून बोलायचं एक काम बाकी आहे.

मे महिन्याच्या सुट्टीची वेगळी ओळ करा. जूनमध्ये रुजू होणाऱ्या कित्येकजणींना पुढच्या एप्रिलमध्ये आठवतं की दीड महिना शाळा नाही.

तपासून पाहा: “मी रोज अमुक वाजेपर्यंत नक्की थांबू शकते” हे वाक्य न अडखळता म्हणता येतंय का? येत नसेल तर अर्ज आठवडाभर लांबवा.

टप्पा ३: हातात किती हवेत, याचा हिशोब

जुना सीटीसी (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) आणि नवा सीटीसी यांची तुलना करून बऱ्याचजणी हळहळतात. तुलना हातात येणाऱ्या पैशांची करायची.

समजा नवी ऑफर वर्षाला ९ लाख ६० हजारांची आहे, म्हणजे कागदावर महिना ८०,०००. बेसिक ४०,०००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी ४,८०० आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी १,९२४, हे दोन्ही बहुतेक ठिकाणी सीटीसीतच धरलेलं असतं. १० टक्के व्हेरिएबल (पगाराचा कमी-जास्त होणारा भाग) म्हणजे ८,०००, ते वर्षअखेर, तेही मिळालं तर. उरले ६५,२७६. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ४,८०० आणि प्रोफेशन टॅक्स २०० वजा केले की हातात ६०,२७६. काही कंपन्या पीएफ १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे १,८०० रुपयेच कापतात. तिथे आकडा बदलेल.

यात आयकर नाही, कारण २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर लागत नाही. पूर्वीचा पगार याच्या वर असेल, तर कागदावर दिसते तेवढी घट हातात पडत नाही. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना प्रोफेशन टॅक्सही माफ आहे. अर्धवेळ काम बघत असाल तर हे लक्षात ठेवा.

आता नोकरीमुळे वाढणारा खर्च वजा करा: पाळणाघर ९,०००, जाणं-येणं ४,५००, स्वयंपाकाच्या मावशी ४,०००. राहिले सुमारे ४२,८००. तुमचे आकडे वेगळे असतील, रकाने हेच ठेवा. यातून दोन आकडे काढा. एक, ज्याच्या खाली नोकरी करण्यात अर्थ नाही. दोन, जो मिळाला तर आनंदाने हो म्हणाल. पहिला आकडा घराबाहेर कुणालाही सांगायचा नाही.

पाळणाघराचा सगळा खर्च फक्त आईच्या पगारातून वजा करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पटत नाही. मूल दोघांचं, तर खर्चही दोघांच्या पगारांवर टाका. मग “एवढ्यासाठी नोकरी कशाला” हा घरचा युक्तिवाद बराच लंगडा पडतो.

टप्पा ४: कागद, आणि त्यावरची नावं

हे काम ऑफर आल्यावर करायचं नसतं. ऑफर आल्यावर कागदांसाठी साधारण आठवडाभर मिळतो आणि दुरुस्त्यांना महिने लागतात.

फाइलमध्ये हवं ते: जुन्या कंपन्यांची रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप, फॉर्म १६, पदवीची प्रमाणपत्रं, पॅन, आधार, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक).

आपल्याकडची खरी अडचण नावाची. पदवी माहेरच्या नावावर, पॅन अजून तेच, आधार सासरच्या नावावर, आणि लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर विचारूच नका. पीएफ खात्यावरचं नाव आधारशी जुळलं नाही की खातं पुढे सरकत नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र शोधा, नाव बदलाचं गॅझेट असेल तर तेही. पीएफमधलं नाव दुरुस्त करायला संयुक्त घोषणापत्र लागतं आणि यूएएन जुना असेल तर त्यात कंपनीची मान्यता लागू शकते, म्हणून तिथल्या एचआरशी आत्ताच बोलून ठेवा.

पीएफच्या संकेतस्थळावर जाऊन सेवेचा तपशील उघडा. जुनी नोकरी सोडल्याची तारीख तिथे नोंदलेली आहे का? कंपनीने भरली नसेल, तर शेवटची वर्गणी जमा झाल्यापासून दोन महिन्यांनंतर ती तुम्हाला स्वतःला भरता येते. हीच तारीख रिलीव्हिंग लेटरवर आणि रेझ्युमेवर असायला हवी. पार्श्वभूमी तपासणारे पहिल्यांदा तेच जुळवून बघतात.

सावधान: खंडात पैशांची नड असली तरी पेन्शनचा भाग काढून टाकू नका. तो काढला की तेवढी सेवा गेली, आणि पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. खातं नव्या कंपनीत वर्ग करा.

टप्पा ५: हात चालू करा

इथे लांबण लावत नाही. खंडाच्या काळात तुमच्या कामात काय बदललं त्याची एक पानभर यादी करा आणि तेवढंच शिका. आपल्या उदाहरणातल्या बाईसाठी ती अशी:

• पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं.
• सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे वेळेत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिले नाहीत तर त्या वर्षी खर्चाची वजावट नाही. हे २०२३-२४ पासून.
• जीएसटी पोर्टलवर इनव्हॉइस स्वीकारण्या-नाकारण्याची सोय ऑक्टोबर २०२४ पासून.
• २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदललेले.
• १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा. टीडीएसची (पैसे देतानाच कापायच्या कराची) १९४सी, १९४जे ही कलमं पाठ असून आता भागत नाही.

सहा महिन्यांचा महागडा कोर्स लावण्यापेक्षा ओळखीच्या सीएकडे दोन रिटर्न सायकल, म्हणजे जीएसटीची विवरणपत्रं दोनदा भरून होईपर्यंत, बसा. ‘जीएसटीआर-३बी स्वतः भरला, गेल्या महिन्यात’ हे वाक्य कोर्सच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त चालतं. त्या कामाचा अनुभव पत्रावर किंवा निदान मेलवर मागून घ्या.

टप्पा ६: रेझ्युमे उलटा करा, खोटा करू नका

दोन टोकाच्या चुका दिसतात. एक, मॅनेजरचा रेझ्युमे तसाच पाठवणं. दोन, घाबरून ‘मॅनेजर’ शब्दच खोडून ‘अकाउंटंट’ लिहिणं. दुसरी चूक जास्त महाग पडते, कारण जुन्या कंपनीकडून खरं पद कळतंच, आणि मग खाली येण्याचं कारणसुद्धा खोटं वाटायला लागतं. पद आणि तारखा हूबेहूब ठेवायच्या. बदलायचा तो क्रम.

मॅनेजरच्या रेझ्युमेत पहिल्या ओळी अशा असतात:

“सहा जणांच्या अकाउंट्स टीमचं नेतृत्व. वार्षिक बजेट आणि एमआयएस संचालक मंडळासमोर सादर. वैधानिक ऑडिटरांशी समन्वय.”

सीनियर अकाउंटंट शोधणाऱ्याला यातलं काहीच नकोय. त्याला कळायला हवं की ही बाई खुर्चीत बसून एन्ट्री जुळवेल का. म्हणून त्याच नोकरीखाली आधी हे:

“महिन्याला सुमारे ४०० खरेदी बिलांची तपासणी आणि नोंद. जीएसटीआर-२बीशी ताळमेळ. बँक रिकन्सिलिएशन दर आठवड्याला. जीएसटीआर-१ आणि ३बी स्वतः दाखल. टीडीएस दर महिन्याच्या ७ तारखेच्या आत.”

टीमचा उल्लेख शेवटी, एका ओळीत. लपवायचा नाही, मिरवायचाही नाही. बिलांची संख्या अर्थात तुमची खरी टाका. मुलाखतीत त्याच आकड्यावर पहिला प्रश्न येतो.

खंड एका ओळीत, नोकऱ्यांच्याच रांगेत, तारखांसह: “एप्रिल २०२२ ते आजपर्यंत: मुलाच्या संगोपनासाठी पूर्णवेळ खंड. गेले तीन महिने सीए कार्यालयात जीएसटी रिटर्नचं काम.” घर चालवणं म्हणजे ‘मल्टिटास्किंग’ आणि ‘बजेटिंग’, असं लिहू नका. ते खरं असलं तरी अकाउंट्सच्या माणसाला त्यातून काही कळत नाही. लिंक्डइनवर करिअर ब्रेकसाठी वेगळी नोंद करता येते. ती भरा आणि तारखा इथल्याच ठेवा.

सगळ्यात वर तीन ओळींचा परिचय. त्यात हे पद का हवंय ते स्पष्ट: “अकरा वर्षांचा अनुभव, त्यातला बराचसा प्रत्यक्ष खतावणी आणि करविषयक कामाचा. आता टीम सांभाळण्याऐवजी कामावर लक्ष देता येईल अशी सीनियर अकाउंटंटची भूमिका हवी आहे.” निवडणाऱ्याच्या दोन शंकांपैकी एक इथेच मिटते.

काढून टाका: जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, मुलांची संख्या, पतीचं नाव, फोटो. हा लग्नाचा बायोडेटा नाही. अजूनही निम्म्या रेझ्युमेंच्या तळाशी ‘छंद: वाचन, स्वयंपाक’ असतं. तेही काढा.

तपासून पाहा: रेझ्युमेचं पहिलं अर्धं पान जाहिरातीशेजारी ठेवा. जाहिरातीतली निदान चार कामं त्या अर्ध्या पानात सापडली पाहिजेत.

टप्पा ७: अर्ज कुठे आणि कोणत्या क्रमाने

पहिला फोन जुन्या कंपनीत. तुमचं काम तिथे माहीत आहे, आणि खालच्या पदावर का यायचंय हे समजावून सांगावं लागत नाही. एकच काळजी: तिथे तुमच्या हाताखाली असलेली मुलगी आता मॅनेजर असेल. ते चालणार असेल तरच जा, आणि चालणार नसेल तर त्यात कमीपणा काही नाही.

दुसरे, ओळखीचे लोक: जुने सहकारी, ऑडिटर, व्हेंडरकडचे अकाउंटंट. व्हॉट्सॲपवर “काही असेल तर सांग” असं पाठवू नका, त्यावर कोणी काही सांगत नाही. असं पाठवा: “मी जूनपासून कामाला सुरुवात करतेय. सीनियर अकाउंटंट किंवा असिस्टंट मॅनेजर, टीमशिवाय. कोथरूड, बाणेर, कर्वेनगर भाग. जीएसटी आणि पेएबल्स ही माझी बाजू. तुमच्याकडे किंवा तुमच्या क्लायंटकडे जागा असेल तर रेझ्युमे पाठवते.” वाचणाऱ्याला लगेच कोणीतरी आठवतं.

तिसरे, खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठीचे कार्यक्रम. टाटा समूहाचा ‘सेकंड करिअर इंटर्नशिप प्रोग्राम’ २००८ पासूनचा आहे, आणि मोठ्या आयटी कंपन्यांचेही असे कार्यक्रम आहेत. अर्ज करण्याआधी वाचून घ्या: काही ठिकाणी ही ठरावीक मुदतीची प्रकल्पासारखी कामं असतात, शेवटी कायम नोकरीची हमी नसते.

नोकरीची पोर्टलं शेवटी. तिथे रिक्रूटर पगाराची मर्यादा घालून यादी गाळतात. तुमचा शेवटचा पगार १४ लाख आणि त्यांची मर्यादा १० लाख असली तर तुमचं नाव त्यांना दिसतच नाही. तरी शेवटचा पगार खोटा लिहायचा नाही. अपेक्षित पगाराच्या रकान्यात खरी अपेक्षा लिहा, हेडलाइनमध्ये पदाचं नाव घाला, आणि शक्य तिथे कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून अर्ज करा.

वेळेबद्दल एक निरीक्षण: एप्रिल-मेमध्ये पगारवाढीची पत्रं हातात पडली की लोक राजीनामे देतात, आणि मे ते जुलै जागा निघतात. अकाउंट्समध्ये सप्टेंबरअखेरच्या ऑडिटआधी माणूस हवाच असतो. तयारी फेब्रुवारीत सुरू करा.

टप्पा ८: पहिला फोन

रिक्रूटरचा फोन पाच-सात मिनिटांचा असतो, आणि पगाराचा प्रश्न दुसऱ्याच मिनिटाला येतो. “कमी चालेल” हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. आधी विचारा: “या पदासाठी बजेट काय आहे?” सांगितलं तर उत्तम. नाही सांगितलं तर टप्पा ३ मधला दुसरा आकडा थोडा वर धरून पट्टा सांगा: “साडेनऊ ते अकरा लाख.” जुना पगार विचारला तर खरा सांगा आणि लगेच जोडा: “ते मॅनेजरच्या जबाबदारीचं होतं. ही जबाबदारी वेगळी आहे, मी ते गृहीत धरलंय.”

फोन मूल झोपलेलं किंवा शाळेत असताना घ्या. अवेळी आला तर “दोन वाजता करू का?” म्हणा. पाठीमागे कार्टून चालू ठेवून पगाराचं बोलणं नीट होत नाही.

टप्पा ९: मुलाखत

चार प्रश्न ठरलेले आहेत. उत्तरं मोठ्याने म्हणून पाहा, निदान दोनदा. मनातल्या मनात सगळी उत्तरं छान वाटतात.

“तुम्ही या पदासाठी जास्तच अनुभवी आहात. सहा महिन्यांत जाल.”
उत्तर: “मॅनेजरचं काम मी केलंय, म्हणून ते आत्ता नकोय हे मला माहीत आहे. पुढची निदान दोन वर्षं मला हेच काम करायचंय. शिकवायला वेळ लागणार नाही, पहिल्या महिनाअखेरीपासून मी उपयोगी पडेन.” दोन वर्षं म्हणायची तर मनापासून म्हणा.

“तुमचे बॉस तुमच्यापेक्षा लहान असतील.”
इथे “मला चालेल” एवढंच अपुरं पडतं. समोरच्याला भीती तुमच्या स्वभावाची नसून रोजच्या कुरबुरीची असते. म्हणा: “निर्णय त्यांचा. मला वेगळं वाटलं तर मी एकदा, त्यांनाच, बाजूला सांगेन. ठरल्यावर काम ठरल्याप्रमाणे.” बहुतेक वेळा हा तरुण मॅनेजरच मुलाखतीला समोर बसलेला असतो, आणि हे वाक्य त्याच्यासाठीच आहे.

“मुलाला कोण बघतं?”
हा प्रश्न बाबांना विचारला जात नाही, आणि राग येणं साहजिक आहे. राग घरी व्यक्त करा, इथे टप्पा २ चं वाक्य वापरा: “सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सातपर्यंतची सोय पक्की आहे. महिनाअखेरीसाठी वेगळी सोय आहे.” आणि थांबा. सासूबाईंचे गुडघे, पाळणाघरवाल्या ताईंचं नाव, मुलाच्या ॲलर्जी यांतलं काही सांगू नका. जितकं जास्त सांगाल तितके उपप्रश्न येतील.

“पुढचं बाळ?”
“त्याचा या कामाशी संबंध येईल असं मला वाटत नाही. कामाबद्दल काही विचारायचंय का?” शांतपणे, हसून. “दोन वर्षं गरोदर राहणार नाही” असलं काही लेखी मागितलं तर ती नोकरी सोडून द्या. अशा हमीला कायद्यापुढे किंमत नाही, आणि मागणाऱ्याचं पुढचं वागणं त्यातच दिसतं. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं म्हणजे झालं.

मग तुमची पाळी. विचारा: आधीची व्यक्ती का गेली? संध्याकाळी सातनंतर खात्यात साधारण किती जण असतात? पहिला-तिसरा शनिवार असतो का? दुसऱ्या प्रश्नावर समोरचे दोघे एकमेकांकडे बघून हसले, तर उत्तर मिळालं.

टप्पा १०: ऑफर लेटर

“ॲडजस्ट करू”, “बघू”, “आपल्याकडे काही प्रॉब्लेम नाही”: यांतलं काहीही कागदावर नसेल तर ते नाही असंच धरा. तोंडी कबूल करणारा मॅनेजर चार महिन्यांत बदलतो. सही करण्याआधी वहीतल्या चार ओळी शेजारी ठेवून पत्र वाचा.

• पद आणि रिपोर्टिंग. ‘इतर नेमून दिलेली कामं’ हे वाक्य सगळीकडे असतं, ते ठीक. पण ‘टीमचं मार्गदर्शन’ असेल तर विचारा.
• कामाची वेळ आणि ठिकाण. घरून काम ठरलं असेल तर आठवड्यात किती दिवस, हे पत्रात किंवा निदान एचआरच्या मेलवर.
• नोटिस पीरियड. पद खालचं आणि नोटिस तीन महिन्यांची, हे जुळत नाही. एक महिना मागा, दोनवर तडजोड होते.
• प्रोबेशन किती, आणि त्या काळात रजा मिळते का. मूल तापणार ते प्रोबेशनमध्येच.
• मेडिक्लेममध्ये मुलं आहेत का, की फक्त कर्मचारी.
• व्हेरिएबल कशावर ठरतं.
• पाळणाघर. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत ही सोय कायद्याने हवी, आणि दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येतं. मूल लहान असेल तर नक्की विचारा.

रात्रीचं काम असेल तर तेही स्पष्ट करून घ्या. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामावर बोलावता येत नाही.

पगार वाढवून मागायचा तर तो याच टप्प्यावर, आणि एकदाच. वाढत नसेल तर दुसरं मागा: सहा महिन्यांनी पगाराचा आढावा, तारखेसह, पत्रात. ही मागणी सहसा मान्य होते, कारण आज कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

टप्पा ११: पहिले तीन महिने

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोणीतरी येऊन म्हणेल, “मॅडम, तुम्हाला तर हे येतं, जरा बघता का?” ऑडिटरचा प्रश्न असेल, नवीन मुलीला शिकवायचं असेल, बजेटची शीट असेल. पहिल्यांदा करा, माणुसकी म्हणून. दुसऱ्यांदा तेच काम आलं की मॅनेजरला विचारा: “हे मी घेतलं तर व्हेंडर रिकन्सिलिएशन दोन दिवस पुढे जाईल. चालेल का?” भांडण होत नाही, आणि कामाला किंमत आहे हे समोरच्याला कळतं. न विचारता घेत गेलात तर वर्षाअखेर जुन्या पदाचं काम नव्या पगारात आपसूक तुमच्याकडे आलेलं असेल.

मीटिंगमध्ये मॅनेजरची चूक दुरुस्त करण्याचा मोह आवरा. “आमच्याकडे असं करायचो” हे वाक्य पहिले तीन महिने बंद ठेवा. निघायच्या वेळी खुर्ची मागे सरकवताना सॉरी म्हणू नका. सहा वाजता निघणं ठरलेलं आहे, त्याची रोज माफी मागितली तर ती सवलत वाटायला लागते.

नेमलेल्या कामाबाहेरचं जे जे केलं ते तारखेसह एका शीटमध्ये टिपत जा, प्रत्येक नोंदीला एक ओळ पुरे. आढाव्याच्या बैठकीआधी आठ दिवस ती यादी मॅनेजरला मेल करा आणि खाली विचारा: यातलं कोणतं काम कायम माझ्याकडे ठेवायचं आहे, आणि त्यासाठी पगार किंवा पद यांपैकी काय बदलणार आहे? बैठकीच्या दिवशीच यादी पुढे केली तर समोरच्याला वरून परवानगी आणायला वेळ राहत नाही, आणि विषय पुढच्या एप्रिलवर जातो.